पायाखालची प्रतिमा: नागासाकीचे लपलेले ख्रिस्ती आणि त्यांना मिळालेला धीर

आजचा विषय जड आहे, म्हणून सुरुवात ओळखीच्या गावापासून करू या. वसई. चिमाजी आप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. त्याच्या सुमारे १८० वर्षं आधी, पोर्तुगीजांच्या वसईत एक मुलगा जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. नाव गोन्सालो गार्सिया. हा मुलगा जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि १५९३ मध्ये दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला पोचला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये पोपनी त्या सगळ्यांना संत म्हणून जाहीर केलं. वसईत आज त्याच्या नावाचं कॉलेज आहे.

गोन्सालोसारखे जे मेले त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, चित्रं काढली गेली, चर्चेस बांधली गेली. आज आपण बघणार आहोत ते जे मेले नाहीत त्यांच्याकडे. म्हणजे ज्यांना पकडलं, धाक घातला, आणि ज्यांनी सरकारला हवं ते केलं. येशूच्या प्रतिमेवर पाय दिला आणि घरी गेले. अशा लोकांचं पुढे काय झालं? त्यांना कोणी धीर दिला का? आणि दिला असेल तर कोणत्या शब्दांत? हे प्रश्न आम्हाला महत्त्वाचे वाटतात, कारण जपानमध्ये अडीचशे वर्षं जो ख्रिस्ती धर्म गुपचूप टिकला, तो बहुतांशी याच लोकांनी टिकवला.

पार्श्वभूमी थोडक्यात. फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानच्या कागोशिमा बंदरात उतरला. त्याच्याबरोबर आंजिरो नावाचा एक जपानी माणूस होता. हा आंजिरो त्याला मलाक्क्यात भेटला होता आणि गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकून, तिथेच बाप्तिस्मा घेऊन परत निघाला होता. गोवा हे त्या वेळी या सगळ्या पूर्वेकडच्या कामाचं मुख्य ठाणं. त्याची खूण भाषेत अजून दिसते. आपण 'पाद्री' म्हणतो तो पोर्तुगीज 'पाद्रे', जपान्यांनी त्याचं 'बातेरेन' केलं. आपला 'क्रूस' तोच त्यांचा 'कुरुसु'. आपला पाव, त्यांचा 'पान'. एकाच जहाजातून उतरलेले शब्द आहेत हे.

पुढच्या ६०-६५ वर्षांत जपानमध्ये ख्रिस्ती लोकांची संख्या अंदाजे ३ लाखांपर्यंत गेली. काही सरदार व्यापाराच्या आशेने ख्रिस्ती झाले, त्यांच्यामागून त्यांची रयत झाली. हे मान्य करायला हवं. सगळ्यांची श्रद्धा सारखी खोल नव्हती. मग राजकारण फिरलं. हिदेयोशीने १५८७ मध्येच पाद्र्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, पण दहा वर्षं तो कागदावरच राहिला. १५९७ ची शिक्षा ही पहिली मोठी शिक्षा. त्या २६ जणांपैकी मुळात २४ च पकडलेले होते. क्योतोहून नागासाकीपर्यंत ऐन थंडीत, डाव्या कानाचा तुकडा कापून, महिनाभर चालवत नेलं त्यांना. वाटेत दोन माणसं त्यांची सेवा करायला, त्यांना खायला-प्यायला द्यायला बरोबर चालत होती. शिपायांनी त्या दोघांनाही पकडलं आणि आकडा २६ झाला. धीर देणं हाच त्यांचा गुन्हा.

१६१४ मध्ये तोकुगावा इएयासूच्या राजवटीत देशभर बंदी आली. पाद्री हद्दपार झाले, काही लपून राहिले. १६१९ मध्ये क्योतोत ५२, १६२२ मध्ये नागासाकीत ५५ जणांना जाहीरपणे मारलं. आता इथे एक गोष्ट घडली, आणि आमच्या मते सगळा पुढचा इतिहास तिच्यावर वळतो. अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की जाहीर शिक्षेचा उलटा परिणाम होतोय. हजारो लोक बघायला येतात, प्रार्थना म्हणतात, मेलेल्यांचे कपडे, हाडं, राख जपून ठेवायला धडपडतात. प्रत्येक शिक्षेतून सरकार विरोधकांना एक नवा संत देत होतं. तेव्हा धोरण बदललं. माणूस मेला पाहिजे हा हेतू मागे पडला. माणसाने स्वतःच्या तोंडाने धर्म सोडला पाहिजे, असं ठरलं.

यासाठी जे उपाय शोधले गेले त्यांची यादी आम्ही इथे वाचणार नाही. एकच सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अंग दोरीने घट्ट आवळून माणसाला खड्ड्यात उलटं टांगायचं. लगेच मरू नये म्हणून डोक्याजवळ छोटी जखम करायची, रक्त थेंब थेंब गळत राहावं. आणि एक हात मोकळा ठेवायचा. का? तर 'सोडतो' अशी खूण करता यावी म्हणून. त्या मोकळ्या हातात सगळं धोरण आलं.

ऑक्टोबर १६३३ मध्ये नागासाकीत एकाच वेळी काही जणांना असं टांगलं होतं. त्यांत क्रिस्तोव्हाओ फेरेइरा होता, पोर्तुगीज, २० वर्षांहून जास्त काळ जपानमध्ये राबलेला, जेझुइटांचा तिथला प्रमुख. आणि नाकाउरा जुलियान होता. हा जुलियान म्हणजे १५८२ मध्ये जपानमधून युरोपला पाठवलेल्या चार मुलांपैकी एक. जाता-येताना गोव्यात राहिलेला, रोममध्ये पोपना भेटलेला. आता साठी ओलांडलेला पाद्री. फेरेइराने सुमारे ५ तासांनी हात हलवला. जुलियान तीन-चार दिवसांनी तिथेच मेला. फेरेइराने पुढे जपानी नाव घेतलं, ख्रिस्ती धर्माविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि पकडलेल्यांच्या चौकशीत सरकारला मदत केली. ही बातमी मकाव, गोवा, रोमपर्यंत पोचली तेव्हा सगळे हादरले. एंदो शुसाकूची १९६६ ची 'मौन' ही कादंबरी याच घटनेवर उभी आहे, त्यावरचा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

पाच तास आणि तीन दिवस यांची तुलना करून निकाल देण्याचा मोह होतो. आम्ही तो टाळतो. खुर्चीत बसून असले निकाल द्यायचे नसतात.

आता पुस्तकांकडे वळू. छळाच्या काळात ख्रिस्ती लोकांमध्ये हाताने नकललेल्या पुस्तिका फिरत होत्या. अठराव्या शतकाच्या अखेरीला नागासाकीजवळच्या उराकामी खोऱ्यात धाडी पडल्या, त्यांत काही सरकारच्या हाती लागल्या, म्हणून आज आपल्याला माहीत आहेत. एक होती 'मारुचिरियो'ला प्रोत्साहन देणारी. मारुचिरियो म्हणजे पोर्तुगीज 'मार्तिरियो', श्रद्धेसाठी पत्करलेलं मरण, आपल्याकडचे ख्रिस्ती लोक ज्याला रक्तसाक्ष म्हणतात. दुसरी त्याच विषयाचे नियम सांगणारी. कोणत्या मरणाला मारुचिरियो म्हणायचं, कोणत्याला नाही. त्यातली मुख्य अट अशी की मरणाऱ्याने प्रतिकार करायचा नाही. हत्यार उचललं की ती लढाई झाली. १६३७-३८ मध्ये शिमाबाराला करांनी पिळलेल्या शेतकऱ्यांनी बंड केलं, हारा किल्ल्यात ३७ हजारांच्या आसपास माणसं जमली, बहुतेक ख्रिस्ती, आणि जवळजवळ सगळी कापली गेली. चर्चने त्यांना हुतात्म्यांत धरलेलं नाही, ते याच तत्त्वाने. हे बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. उपाशी शेतकऱ्याला ही वर्गवारी कितपत सुचली असेल हा आमचाही प्रश्न आहे.

तर या पुस्तिका मरायला निघालेल्या माणसासाठी. पण तिसरी एक पुस्तिका होती आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तीच आहे. तिचं नाव 'कोन्चिरिसान'. पोर्तुगीज 'कोंत्रिसांव', म्हणजे पूर्ण पश्चात्ताप. ती १६०३ ची, बिशप लुइश सेर्केइरा यांच्या काळातली. बंदी यायला अजून ११ वर्षं होती, पण वारं कुठून वाहतंय हे दिसत होतं.

प्रश्न असा होता. कॅथलिक पद्धतीत मोठं पाप झालं तर पाद्र्याकडे जाऊन कबुली द्यावी लागते, गोव्याकडे ज्याला कुमसार म्हणतात ते. पाद्रीच नसेल तर? सगळे मारले गेले, हाकलले गेले, तर माणसाने काय करायचं? पुस्तिकेचं उत्तर साधं आहे. शिक्षेच्या भीतीने नव्हे तर देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप करा. पाद्री मिळेल तेव्हा कबुली देईन असा निश्चय ठेवा. एवढ्याने क्षमा मिळते. हा काही जपानसाठी बनवलेला नवा सिद्धांत नव्हता, चर्चची जुनीच शिकवण होती. पण युरोपात ती ग्रंथाच्या एका कोपऱ्यात पडून राहिली असती. जपानमध्ये ती शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या घरात पाठ होऊन बसली, कारण १६४४ मध्ये शेवटचा पाद्री मारला गेला आणि त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं तिथे कुमसार ऐकायला कोणी नव्हतंच.

सरकारची यंत्रणा काय होती ते बघा. प्रत्येक माणसाचं नाव कुठल्या ना कुठल्या बौद्ध मंदिरात नोंदलेलं हवं. हा ख्रिस्ती नाही असा दाखला मंदिराने द्यायचा. पाच-पाच घरांचा गट, एकाने चूक केली तर पाचही घरं जबाबदार. चौकाचौकांत लाकडी फलक लावलेले, त्यांवर बक्षिसाचे दर. १६८२ च्या फलकावर पाद्री पकडून देणाऱ्याला ५०० चांदीची नाणी आहेत. आणि त्याखाली एक वेगळी ओळ आहे, धर्म सोडून पुन्हा त्याकडे वळलेल्या माणसाची खबर देणाऱ्याला ३००. म्हणजे माणसं परत वळतात हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. जपानीत धर्म सोडण्याला शब्द आहे 'कोरोबु', म्हणजे कोलमडून पडणं. परत वळण्याला 'ताचिकाएरु', उठून उभं राहून माघारी येणं. सुरुवातीच्या काळात तर धर्म सोडणाऱ्याकडून जी शपथ लिहून घेत, तीत म्हटलेलं असे की मी शब्द मोडला तर देवाचा, मारियेचा कोप माझ्यावर होवो. ज्या देवाला सोडलं त्याच्याच नावाने शपथ! ज्या कारकुनाने हा मसुदा लिहिला त्याला माणसाचं मन बऱ्यापैकी कळत होतं म्हणायचं.

आणि मग फुमि-ए. 'फुमि' म्हणजे पाय देणं, 'ए' म्हणजे चित्र. १६२९ च्या सुमारास नागासाकीत सुरू झालं. आधी कागदावरची चित्रं, ती फाटली. मग लाकडात बसवलेली, तीही झिजली. १६६९ मध्ये २० पितळी पत्रे ओतून घेतले. नागासाकीत दर नवीन वर्षाच्या सुरुवातीला घरोघर, गावोगाव हा कार्यक्रम व्हायचा. म्हातारी माणसं, आजारी माणसं, आईच्या कडेवरचं मूल, सगळ्यांचा पाय लागला पाहिजे. त्या पितळेवरच्या येशूचा चेहरा आज जवळजवळ सपाट आहे. जे ख्रिस्ती नव्हते त्यांच्यासाठी हा सणासुदीचा एक उपचार झाला होता. दुसऱ्या घरांत मात्र त्या रात्री दार लावून कोन्चिरिसानची प्रार्थना म्हटली जायची.

इथे आपण जरा थांबू, कारण एक अडचण आहे आणि ती सोडून पुढे जाणं बरोबर नाही. पूर्ण पश्चात्तापात 'पुन्हा असं करणार नाही' हा निश्चय येतो. या माणसांनी पौष-माघाच्या थंडीत प्रतिमेवर पाय दिला, रात्री रडून क्षमा मागितली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाय द्यायचा आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्याच्या पुढच्या वर्षीही. आयुष्यात ५०-६० वेळा. मग हा पश्चात्ताप खरा की खोटा? कठोर धर्मशास्त्री म्हणेल, अपुरा. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही एवढंच बघू शकतो की या माणसांनी स्वतःची समजूत 'यात काही पाप नाही, नुसतं पितळच तर आहे' अशी घातली नाही. ते सोपं होतं. पितळच होतं ते! पण ते पाप आहे असं धरूनच ते चालले, आणि क्षमा आहे असंही धरून चालले. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या म्हणून मुलांना सांगण्यासारखं काहीतरी उरलं. पाप नाही म्हटलं असतं तर दोन पिढ्यांत सगळं विरलं असतं. क्षमा नाही म्हटलं असतं तर पहिल्याच पिढीने हताश होऊन सोडून दिलं असतं.

हाच प्रश्न रोमन साम्राज्यातही आला होता. सन २५० मध्ये सम्राट डेसियसने सगळ्यांनी देवतांना बळी देऊन तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. इजिप्तच्या वाळूत असे पपायरसवरचे दाखले सापडलेत. हजारो ख्रिस्तींनी बळी दिला, कोणी लाच देऊन नुसताच दाखला मिळवला, आणि वर्षभरात छळ ओसरल्यावर सगळे चर्चच्या दारात परत उभे. कार्थेजचा बिशप सिप्रियन, जो स्वतः त्या काळात लपून राहिला होता, त्याने मधला मार्ग काढला: परत घ्यायचं, पण प्रायश्चित्तानंतर. त्याला ठरवायला बिशपांची सभा तरी होती. उराकामीच्या शेतकऱ्याला कोणीच नव्हतं, एक पुस्तिका होती.

पुस्तिका आणि संघटना, असं म्हणायला हवं. पाद्री असतानाच गावोगाव भक्तमंडळं बांधलेली होती, आजाऱ्याला मदत, मेलेल्याला पुरणं, एकत्र प्रार्थना अशा कामांसाठी. पाद्री गेले, मंडळं राहिली. उराकामी आणि आसपास तीन माणसं असायची. एक पंचांग सांभाळणारा, जो सण-उपवासाचे दिवस काढायचा. एक पाणी देणारा, म्हणजे बाप्तिस्मा करणारा. एक निरोप पोचवणारा. नावं लिहिलेली वही नाही, इमारत नाही. लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना अर्थ न कळता पाठ, उच्चार घासून घासून ओळखू न येणारे झालेले. आपल्याकडे वेदपठणाची किंवा ओव्यांची तोंडी परंपरा माहीत असलेल्यांना याचं फार नवल वाटू नये, पण तिथे चुकलं तर सुधारणारा कोणी नव्हता. बौद्ध देवी कान्नोनच्या मांडीवर मूल असलेली मूर्ती घरात, तीच त्यांची मारिया. मरण आलं की मंदिराचा भिक्षू येऊन सूत्रं म्हणणार, कायदाच होता. त्याच वेळी शेजारच्या खोलीत बसून दुसरे लोक त्या सूत्रांचा परिणाम पुसणारी प्रार्थना म्हणत.

बास्तियान नावाच्या एका जपानी धर्मशिक्षकाने मारलं जाण्याआधी भाकीत केलं असं मानलं जायचं. सात पिढ्यांनंतर मोठ्या काळ्या जहाजातून कबुली ऐकणारे येतील, दर आठवड्याला कबुली देता येईल. ही दंतकथा असेलही. पण बघा, लोकांनी भविष्याकडे काय मागितलं? सूड नाही, राज्य नाही. कबुली ऐकणारा माणूस मागितला. कोन्चिरिसानमधला तो निश्चय, 'पाद्री मिळेल तेव्हा सांगेन', सात पिढ्या उधारीवर होता.

सरकारी माणसंही सगळी एकसारखी नव्हती. १८०५ मध्ये आमाकुसा बेटांवर ५ हजारांहून जास्त लोक गुपचूप काहीतरी पूजत असल्याचं उघड झालं. कायद्याने सगळ्यांना मारायला हवं. अधिकाऱ्यांनी ठरवलं की हा ख्रिस्ती धर्म नव्हे, अडाणी लोकांचा काही चुकीचा रिवाज आहे. प्रतिमेवर पाय देऊन घेतला आणि सोडलं. पाच हजार शेतकरी मारले तर सारा कोण भरणार, हा हिशोबही असणारच. तरी पण.

मग जपानची दारं उघडली. फुमि-ए १८५० च्या दशकाच्या अखेरीला बंद झालं. नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउरा इथे चर्च बांधायला परवानगी मिळाली, जपान्यांवरची बंदी मात्र कायम. हे चर्च १८६५ च्या फेब्रुवारीत समर्पित झालं. ते कोणाच्या नावाने होतं? तीनच वर्षांपूर्वी संत झालेल्या त्या २६ जणांच्या. निशिझाका टेकडीच्या दिशेला तोंड करून बांधलेलं. म्हणजे आपल्या वसईच्या गोन्सालोच्याही नावाने.

१७ मार्च १८६५. फ्रेंच पाद्री बेर्नार पेतिझाँ यांना चर्चच्या दारात १२-१५ माणसं उभी दिसली. त्यांनी दार उघडलं, आत जाऊन गुडघे टेकले. एक बाई जवळ येऊन हळूच म्हणाली की आमचं आणि तुमचं हृदय एकच आहे, आणि मग विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? ही माणसं उराकामीची होती. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, सध्या आमचा दुःखाचा काळ चालू आहे, आज सतरावा दिवस. आम्ही हिशोब करून पाहिला. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, १ मार्च. १७ मार्च बरोबर सतरावा दिवस. पाद्री नाही, बिशप नाही, दोनशे वर्षं चोरून चालवलेलं पंचांग, आणि एका दिवसाचाही फरक नाही.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण बंदी होतीच. १८६७ मध्ये उराकामीच्या लोकांनी घरात मृत्यू झाल्यावर भिक्षूला बोलावणं बंद केलं. जुलैत ६८ जणांना पकडलं. मारहाण, छळ. आणि ताकागी सेनएमोन नावाचा एक माणूस सोडला तर जवळजवळ सगळे कोलमडले, 'सोडतो' म्हणाले, सुटून गावात आले.

पण सेनएमोन एकटा उभा राहिला हे वाचून आपण पुढे जातो, आणि खरी गोष्ट बाकीच्यांची आहे. ते घरी आले तर घरच्यांनी धड तोंडही दाखवलं नाही. कोणी डोंगरात जाऊन दिवस काढले. आणि मग त्यांतले बरेच जण आपण होऊन गावच्या मुखियाकडे गेले आणि म्हणाले, आम्ही दिलेला शब्द मागे घेतो, आम्ही ख्रिस्ती आहोत. पुन्हा पकडले जाणार हे माहीत असताना. ताचिकाएरु. आता पाद्री होते, कुमसार होतं. पण पडून उठायचं असतं हे त्यांना ओउराच्या फ्रेंच पाद्र्यांनी शिकवलेलं नव्हतं, ते त्यांनी आपल्या आजी-आजोबांकडून दर वर्षी पाहिलेलं होतं.

१८६८ मध्ये नवं मेइजी सरकार आलं आणि ते जुन्यापेक्षा कडक निघालं. आधी ११४ प्रमुखांना आणि १८७० पर्यंत अख्ख्या गावाला, सुमारे ३,४०० माणसांना, देशभरात वेगवेगळ्या जागी हद्दपार केलं. त्सुवानो नावाच्या डोंगराळ गावात तर बर्फ फोडून तळ्यात उभं करायचे, तीन फुटांच्या पिंजऱ्यात बसवायचे. ६०० हून अधिक लोक त्या वर्षांत मेले. हजारएक जणांनी पुन्हा धर्म सोडल्याचं कबूल केलं. उराकामीचे लोक या सगळ्याला 'प्रवास' म्हणतात, नुसतं प्रवास. युरोप-अमेरिकेत गेलेल्या जपानी शिष्टमंडळाला जागोजागी याचा जाब विचारला गेला, आणि २४ फेब्रुवारी १८७३ रोजी चौकांतले ते फलक उतरवले गेले. बंदी रद्द केली असं त्यांनी म्हटलं नाही. फलक उतरवले, बस्स.

लोक परत आले. घरं मोडलेली, शेतं पडीक. १८८० मध्ये त्यांनी पैसे जमवून एक जागा विकत घेतली. ती जुन्या मुखियाच्या वाड्याची जागा होती. तिथेच दर वर्षी पितळी पत्रा ठेवून गावाला त्यावरून चालवत असत. त्या जागेवर त्यांनी चर्च बांधायला घेतलं, ते पूर्ण व्हायला १९१४ साल उजाडलं. ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब फुटला तो तिथून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. चर्च पडलं, आणि त्या चर्चच्या १२ हजार लोकांपैकी सुमारे साडेआठ हजार गेले. पुढे त्याच जागी पुन्हा बांधलं, आजही उभं आहे.

एक राहिलं. १८७३ नंतर सगळेच कॅथलिक चर्चमध्ये परतले नाहीत. जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं की आमच्या आजोबांनी जसं शिकवलं तसंच आम्ही करणार. इकित्सुकी बेटावर कपाटात ठेवलेल्या चित्रासमोर त्या जुन्या, घासलेल्या प्रार्थना म्हणणारी थोडी घरं अजून आहेत. त्यातला लॅटिन कोणता, पोर्तुगीज कोणतं, हे अभ्यासक सांगतात. म्हणणाऱ्यांना त्याची फारशी गरज वाटत नाही. यांना ख्रिस्ती म्हणायचं की नाही यावर तिथे अजून वाद आहे, आणि आपल्या प्रश्नोत्तरांत तो येणारच आहे असं दिसतंय, दोन-तीन चिठ्ठ्या आधीच आल्यात. तर तिथूनच सुरू करू या.